सहलीची तारीख चांदणं बघून ठरवू नका



आमच्या ओळखीतल्या अकरा शिक्षकांनी मिळून कोकणात कायाकिंग आणि रात्री तंबूत मुक्काम अशी सहल ठरवली. मुलांची नाही हं, फक्त आमची. मालवणजवळ देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथे जायचं. लगेच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघाला. पहिल्या दोन दिवसांत ठरलं काय, तर गाडी, बांगडा की सुरमई, आणि तारीख. तारीख निवडली पौर्णिमेची. का? तर चांदण्यात तंबूचे फोटो भारी येतात!

मी एकट्याने विरोध केला. आता तुम्हीच सांगा माझं चुकलं का.

आपल्या आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी तोंडपाठ असायची. कोकण किनाऱ्यावर ही पाऊणकी अजून कामाला येते. त्या दिवसाची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास भरती आणि तशीच पहाटेही. भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, म्हणजे जवळपास पाऊण तास, म्हणून हा हिशोब जमतो. जागेनुसार तासभर मागेपुढे होतंच, ते तिथल्या मच्छीमाराला विचारायचं. (चौथी-पाचवीला अपूर्णांक शिकवताना हे उदाहरण घेऊन बघा. मुलं कॅलेंडर आणायला धावतात.)

आता पौर्णिमा बघा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे रात्री अकराच्या आसपास पाणी सगळ्यात वर, आणि तेही उधाणाचं. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती जास्त चढते, ओहोटी जास्त खाली जाते आणि खाडीच्या मुखाशी पाण्याला ओढ जोराची असते. नेमके तेव्हा आम्ही दिवसभर वल्हं मारून दमून वाळूत झोपलेलो असणार. आणि दुपारी ओहोटी लागली की सगळं पाणी समुद्राकडे ओढणारं. नवशिक्या माणसाची कायाक तासाला तीन-चार किलोमीटर जाते. ओढ तेवढीच असली तर तुम्ही वल्हं मारताय, घाम गाळताय, आणि आहे तिथेच आहात.

म्हणून मी दशमी सुचवली. अष्टमी ते दशमी भांगाची भरती असते, ओढ कमी. दहाची पाऊणपट साडेसात. उजाडता उजाडता निघायचं, उरलेल्या भरतीबरोबर खाडीत वर जायचं आणि ओहोटी लागली की तिच्याच मदतीने परत यायचं. मुखाच्या अलीकडेच थांबायचं, हे मात्र आधी ठरवून. ग्रुपवर लगेच गदारोळ, दुसऱ्या दिवशी एकादशी, मग मासे कधी खायचे? म्हटलं, दशमीलाच खा की पोटभर.

वाऱ्याचंही तसंच. खारे वारे आणि मतलई वारे आपण फळ्यावर बाण काढून शिकवतो, पेपरात दोन मार्कांना विचारतो, आणि सहलीला निघालो की विसरतो. पहाटेचा मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो. त्यामुळे काठाजवळचं पाणी अगदी तव्यासारखं सपाट दिसतं आणि माणूस फसतो. तोच वारा कायाक हळूहळू आत नेत असतो. दुपारी खारे वारे सुटले की लाटा उठतात. म्हणून उघड्या समुद्रात जायचंच नाही, खाडीत राहायचं आणि अकराच्या आत काठावर यायचं.

तंबूचं थोडक्यात सांगतो. वाळूवर जांभळ्या फुलांची एक वेल पसरलेली असते, तिचं नावच मर्यादावेल. तिच्या मागे, जमीनमालकाला आणि ग्रामपंचायतीला विचारून तंबू लावा. शेकोटी आणि मोठे दिवे नकोत. थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत त्या किनाऱ्यांवर कासवं अंडी घालायला येतात आणि पिल्लं उजेडाला फसतात.

आता खरी गोष्ट. ग्रुपवर मी विचारलं, पोहता कुणाकुणाला येतं? दहाच्या दहा अंगठे वर! एक सर तर म्हणाले, "आम्ही शाहूपुरीची माणसं, २०१९ आणि २०२१ ला कुंभार गल्लीत महापूर बघितलाय, पाण्याला काय घाबरायचं?" पंचगंगेच्या घाटावरून उड्या मारलेल्या गावात पोहता येत नाही म्हणणं म्हणजे कमीपणा. पण त्याच रात्री साडेदहाला त्याच सरांचा फोन. "सर, मला येत नाही. ग्रुपवर बोलू नका."

मी बराच वेळ गप्प बसलो. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळच्याच वायरी किनाऱ्यावर बेळगावहून सहलीला आलेली आठ माणसं बुडाली. ती कायाकमध्ये नव्हती, पाण्यात उतरली होती. पण तीही अशीच हसत-खेळत ग्रुपनेच आली असणार ना?

तेव्हा माझं स्पष्ट मत, पोहण्याचा प्रश्न ग्रुपवर विचारूच नका. प्रत्येकाला एकेकटं फोन करून विचारा. लाइफ जॅकेट सगळ्यांना, पट्टे आवळून, शिट्टीसकट, आणि पोहणाऱ्यालाही सूट नाही. पहिला अर्धा तास कमरेइतक्या पाण्यात मुद्दाम कायाक उलटवून परत चढायचा सराव. ज्याला चढता आलं नाही तो स्थानिक माणसाबरोबर दोघांच्या कायाकमध्ये बसेल. तटरक्षक दलाचा १५५४ आणि ११२ हे दोन नंबर प्रत्येकाच्या फोनमध्ये. आणि त्या दिवशी "आज नको" म्हणायचा अधिकार एकाच माणसाला. आम्ही तो आमच्यातल्या कुणाला दिला नाही, ज्यांच्या कायाक आहेत त्या देवबागच्या दादांना दिला. आमच्यातला कुणी असता तर भिडेपोटी हो म्हणाला असता.

त्या सरांचं गुपित मी फोडलं नाही. यादीत त्यांच्यापुढे आणि माझ्यापुढे, दोघांच्याही पुढे, "स्थानिक माणसाबरोबर" असं लिहिलं. ग्रुपवर माझी चेष्टा झाली, झाली तर झाली. दशमी बुधवारी येतेय, रजेचे अर्ज सोमवारी देतोय.