राजा गेला, घोडा राहिला!

मुंबईच्या काळा घोडा परिसरातील उंची उपाहारगृहे, कलादालने, दुकाने पाहून नंदुरबारचा सुशिक्षित तरुण हरखून जातो. तेथील सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये हलविण्यात आला. पण २०१७ मध्ये स्वारावाचूनचा नवा घोडा तेथे उभा राहिला. राजा गेला, त्याच्या घोड्याचा मोह सुटला नाही! ९ सप्टेंबर १९४२ रोजी याच नंदुरबारात तिरंगा हाती घेतलेला बालवीर शिरीषकुमार आणि लालदास, धनसुखलाल, शशिधर, घनश्याम हे त्याचे सवंगडी इंग्रजी गोळ्यांना बळी पडले. काळ्या घोड्याचे कौतुक करणाऱ्या किती अभिजनांना ही पाच नावे ठाऊक आहेत? संग्रहालये अवश्य पाहावीत. मात्र हुतात्म्यांना विसरून परक्या राजाच्या घोड्याला मिरविणे ही अभिरुची नव्हे, मानसिक गुलामगिरी आहे!