हुकूमनामा घरात हवा, नुसता आठवणीत नको

कापडाच्या धंद्यात मुलगा गादीवर बसू लागला की त्याला पहिली शिकवण मिळते ती कागद जपण्याची. दहा रुपयांच्या अस्तराचीही नोंद वहीत झाली पाहिजे, असे वडीलधारे सांगतात आणि आपण ते पाळतो. पण तोच व्यापारी लाखो रुपयांच्या जागेचा निकाल कोर्टातून मिळाला की कागद वकिलाच्या कपाटात ठेवून मोकळा होतो. नगरच्या कापड बाजारात असो की तालुक्याच्या बाजारपेठेत, ही चूक घरोघर आहे. आमच्या घराने तिची किंमत मोजली, म्हणून हे चार शब्द लिहीत आहे.

जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आमच्या वडिलांचे दुसरे दुकान होते. जागा भाड्याची, पुढे दुकान, मागे मालाची खोली. त्या खोलीवरून घरमालकाशी वाद झाला, दावा झाला आणि १९८३ साली तडजोडीने मिटला. खोली दुकानाच्या भाड्यातच धरायची असे ठरले व कोर्टाने तसा हुकूमनामा केला. मी तेव्हा उर्दू शाळेत सातवीत होतो आणि कधी कधी वडिलांबरोबर तारखेला जात असे. तिथे 'कैफियत' आणि 'रोजनामा' हे शब्द कानावर पडत. आमच्या शाळेत कैफियत म्हणजे हालहवाल आणि रोजनामा म्हणजे रोजचे वर्तमानपत्र. कोर्टात मात्र कैफियत म्हणजे प्रतिवादीचे लेखी उत्तर आणि रोजनामा म्हणजे कोणत्या तारखेला काय झाले त्याची नोंद. शब्दांचे अर्थ त्या वयात कळले. कागद सांभाळायचा असतो हे मात्र कळले नाही.

२०१९ साली त्या घरमालकाच्या वारसांनी जागा विकली. नव्या मालकाची नोटीस आली की मागची खोली तुमच्या भाड्यात नाही, रिकामी करा. आम्ही छाती पुढे काढून म्हणालो, "कोर्टाचा निकाल आहे." वकिलांनी विचारले, "दाव्याचा नंबर?" नंबर कोणालाच ठाऊक नव्हता. वडील हयात नव्हते, जुने वकील साहेबही वारले होते आणि त्यांच्या फायली केव्हाच रद्दीत गेल्या होत्या. रेकॉर्ड पाहणारे कारकून म्हणाले, "शेठ, नंबर आणि साल आणा. त्याशिवाय मी कोणता गठ्ठा सोडू?" त्यांचे काही चुकले नाही.

शेवटी उत्तर घरातच मिळाले. वडिलांच्या उर्दूत लिहिलेल्या रोजकीर्दीत कोर्ट खर्चाची नोंद होती आणि शेजारी दाव्याचा नंबर होता. अर्ज केला, नकल मिळाली, खोली राहिली. पण भाड्याच्या आणि अनामतीच्या मूळ पावत्या वडिलांनी दाव्यात हजर केल्या होत्या, त्या नंतर आम्ही परत मागितल्याच नव्हत्या. ठेवण्याची मुदत संपल्यावर त्या नियमाप्रमाणे नष्ट झाल्या. अनामतीचा पुरावा त्यांतच होता. ती रक्कम सोडून द्यावी लागली.

नंबर नसेल तर

आमच्यासारखी वेळ आली तर आधी घर धुंडाळावे. जुने समन्स, वकिलाच्या फीची पावती, खर्चाची वही, यांत नंबर सापडतो. शहरातील जागा असेल तर सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका आणि शेतजमीन असेल तर सातबाऱ्यावरील फेरफार काढावा. हुकूमनाम्यावरून नोंद झाली असेल, तर तिथे कोर्टाचे नाव आणि दाव्याचा नंबर बहुधा मिळतो.

मग कोर्ट कोणते ते ठरवावे. तालुक्याच्या गावचे दिवाणी न्यायालय, वरिष्ठ स्तर न्यायालय, की अपिलातले जिल्हा न्यायालय? तालुक्यांच्या हद्दीही बदलतात. राहाता तालुका पुढे वेगळा झाला, म्हणून तिकडच्या जुन्या दाव्यासाठी कोपरगावची चौकशी करावी लागू शकते. अपील झाले असेल तर मूळ कागद वरच्या कोर्टाने मागवले होते का आणि ते परत आले का, हेही पाहावे.

आता ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने आणि सालाने दावा शोधता येतो. प्रत्येक दाव्याला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर असतो. तो एकदा मिळाला की काम सोपे होते. मात्र संगणक येण्यापूर्वी निकाली निघालेला दावा तिथे सापडेल, अशी आशा धरू नये. शिवाय तिथे नाव इंग्रजीत टाकले, तर आपल्या लोकांची पंचाईत होते. शेख हे एकच आडनाव तीन-चार तऱ्हांनी लिहिले जाते; सय्यद आणि काझी यांचेही तेच. दावा कधी पेढीच्या नावाने असतो, कधी मालकाच्या. एका स्पेलिंगने सापडले नाही म्हणून दावाच नव्हता, असे समजू नये.

२०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. जुन्या हुकूमनाम्यावर अहमदनगर आहे म्हणून तो बाद होत नाही. शोधताना मात्र दोन्ही नावे ध्यानात ठेवावीत.

नकल मागताना

संगणकावरून छापून घेतलेला निकाल वाचायला बरा, पण कोर्टात पुरावा म्हणून सही-शिक्क्याची नकलच लागते. पक्षकाराला स्वतःच्या खर्चाने निकालाची आणि हुकूमनाम्याची नकल मागण्याचा हक्क दिवाणी प्रक्रिया संहितेनेच दिला आहे. त्यासाठी दलालाची गरज नाही. अर्जात नंबर, साल, दोन्ही पक्षांची नावे, निकालाची तारीख आणि कोणता कागद हवा ते स्पष्ट लिहावे. आपण पक्षकार नसाल तर कारण सांगून परवानगी घ्यावी लागते. वडिलांच्या दाव्यासाठी जाताना वारस असल्याचा पुरावा बरोबर न्यावा.

माहिती अधिकारात अर्ज टाका, असा सल्ला पुष्कळ जण देतात. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात सांगितले आहे की नकलांसाठी कोर्टाचे स्वतःचे नियम आहेत, तेथे त्याच वाटेने जावे. तेव्हा उगाच महिने घालवू नयेत.

दाव्यात हजर केलेले मूळ दस्तऐवज निकालानंतर आणि अपिलाची मुदत किंवा अपील संपल्यावर अर्ज करून परत मिळतात. हा अर्ज करायला आपण विसरतो. कोर्टाने सगळे कागद जन्मभर सांभाळावेत अशी अपेक्षा चूक आहे. कागदांची वर्गवारी करून, मुदत संपलेले नष्ट करण्याचा नियम इंग्रजी अमलापासून चालत आला आहे. त्याचा कायदाच १९१७ सालचा आहे.

मुदतीचे भान

उधारी वसुलीचा हुकूमनामा मिळाला तरी तो वसूल करण्याची दरखास्त साधारणपणे बारा वर्षांत दाखल करावी लागते. माझ्या ओळखीच्या एका होजिअरीवाल्याने ऋणकोकडे काही नाही म्हणून हुकूमनामा तिजोरीत ठेवला. पंधरा वर्षांनी ऋणकोने बंगला बांधला, तेव्हा हे कोर्टात गेले. मुदत गेलेली होती. जिल्हा न्यायालयात अपील करायचे तर तीस दिवस असतात, पण नकल मिळवण्यात गेलेला आवश्यक काळ त्यातून वजा होतो. म्हणून नकलेसाठी अर्ज लगेच करावा आणि नकलेवरील अर्जाच्या व तयार झाल्याच्या तारखा नीट तपासाव्यात.

जागा विकत घेणाऱ्यांनाही एक सांगणे आहे. वकिलाचा सर्च रिपोर्ट बहुधा दुय्यम निबंधकाच्या नोंदींवर असतो. त्या जागेवर दावा चालू आहे का, जुना हुकूमनामा आहे का, हे कोर्टाच्या नोंदीत वेगळे पाहायला सांगावे. चार पैसे जास्त लागतील, पण पुढची दहा वर्षे वाचतील.

आता सरकार दरबारी एक मागणे. ई-कोर्ट्सच्या तिसऱ्या टप्प्याला २०२३ साली ७,२१० कोटी रुपये मंजूर झाले. त्यांतील दोन हजार कोटींहून अधिक रक्कम जुने रेकॉर्ड स्कॅन करून जतन करण्यासाठी आहे. माझ्या मते पहिला हात जुन्या दाव्यांच्या रजिस्टरांना लागला पाहिजे. गठ्ठ्यातील एक कागद स्कॅन केला तर एका घराचे काम होईल. रजिस्टराचे एक पान स्कॅन केले तर पानभर दाव्यांचे नंबर सापडतील. नावे मराठीतही शोधता आली पाहिजेत. आपल्या व्यापारी संघटनांनी हे जिल्हा न्यायालयापुढे आणि वकील संघापुढे नम्रपणे मांडावे. सणासुदीच्या सुट्टीसाठी आपण निवेदने देतो, मग यासाठी का नाही?

तोवर आपल्या हातात आहे ते करावे. दुकानात एक वेगळी वही घालावी. प्रत्येक दाव्याचे कोर्ट, नंबर, साल, पक्षकार, वकील, निकालाची तारीख आणि नकल कुठे ठेवली आहे, एवढेच त्यात लिहावे. आणि ती वही कुठे असते हे मुलांना सांगून ठेवावे. आमचे वडील फार शिकलेले नव्हते. पण त्यांनी खर्चाशेजारी एक नंबर लिहून ठेवला, म्हणून छत्तीस वर्षांनी आमची खोली वाचली.