'थांबा' म्हणण्याचा अधिकार

24 जानेवारी 2025 रोजी सकाळी भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगरच्या आयुधनिर्माणीत भीषण स्फोट झाला, इमारतीचे छत कोसळले आणि 8 कर्मचारी प्राणास मुकले. आदल्याच वर्षी, याच जानेवारी महिन्यात, याच कारखान्यातील स्फोटाने एका कर्मचाऱ्याचा बळी घेतला होता. मृतांच्या कुटुंबांवर कोसळलेले दुःख शब्दांनी हलके होणारे नाही. या स्फोटांचे खापर कोणाच्या माथी फोडण्यासाठीही आम्ही लेखणी हाती घेतलेली नाही. ते काम चौकशीचे आहे. आमचा प्रश्न निराळा आहे. जेथे एकाहून एक जाणते तंत्रज्ञ प्रत्यही मृत्यूच्या शेजारी बसून काम करतात, तेथे त्यांच्या प्रमुखाने त्यांचे नेतृत्व करावे तरी कसे?

साध्या कचेरीत साहेबाचा हुकूम सुटला की कागद हलतो. स्फोटकांच्या कारखान्यात तसे नसते. तेथे रसायनज्ञाला द्रव्याचा स्वभाव ठाऊक असतो, यंत्रज्ञाला यंत्राची नाडी कळते, विद्युत्तज्ज्ञाला ठिणगीची भीती समजते. आणि वीस वर्षे एकाच यंत्रापाशी उभ्या राहिलेल्या कारागिराला आजचा आवाज कालच्यासारखा नाही, एवढे नेमके उमगते. हे सारे ज्ञान एका माणसाच्या डोक्यात मावणे अशक्य. म्हणजेच येथे प्रमुख हा सर्वांत जाणता असू शकत नाही. इतरांचे जाणतेपण वेळेवर आपल्यापर्यंत पोहोचेल अशी व्यवस्था लावणे, हेच त्याचे पहिले कर्तव्य होय. कारण नायट्रोग्लिसरीन कोणाचा हुद्दा ओळखत नाही!

ही व्यवस्था मोडली म्हणजे काय घडते, हे जगाने अमेरिकेत पाहिले आहे. 27 जानेवारी 1986 च्या रात्री 'चॅलेंजर' अवकाशयानाच्या अग्निबाणांचे अभियंते कळवळून सांगत होते की, एवढ्या थंडीत जोडांमधील रबरी कडी दगा देतील. उड्डाण पुढे ढकला. कंपनीच्या वरिष्ठांनी प्रथम ते मानले. पण 'नासा'ची नाराजी दिसताच त्यांनी आपल्याच अभियंत्यांचा सल्ला बाजूस सारला. दुसऱ्या दिवशी अवघ्या 73 सेकंदांत यानाचा चुराडा झाला आणि 7 अंतराळवीर गेले. ज्ञान होते, जाणते होते, इशाराही दिला गेला होता. नव्हते ते फक्त ऐकणारे कान!

उलट उदाहरण आपल्याच देशातले आहे. 10 ऑगस्ट 1979 रोजी भारताच्या एसएलव्ही-3 या अग्निबाणाचे पहिले उड्डाण फसले. प्रकल्पाचे प्रमुख होते डॉ. अब्दुल कलाम. परंतु वार्ताहरांच्या प्रश्नांना सामोरे गेले ते इस्रोचे अध्यक्ष प्रा. सतीश धवन. त्यांनी अपयशाची जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेतली. 18 जुलै 1980 रोजी दुसरे उड्डाण यशस्वी झाले, तेव्हा मात्र त्यांनी कलामांना पुढे केले. कोणी याला मनाचा मोठेपणा म्हणेल. आमच्या मते ती कारभाराचीही उत्तम नीती होती. चूक कबूल केली तर आपले मुंडके उडणार नाही, अशी खात्री असलेला तंत्रज्ञच चूक लपवीत नाही. आणि न लपविलेली चूक दुरुस्त होते.

1 ऑक्टोबर 2021 पासून देशातील 41 आयुधनिर्माण्या 7 सरकारी कंपन्यांत विभागल्या गेल्या आणि जवाहरनगरचा कारखाना 'म्युनिशन्स इंडिया लिमिटेड' या कंपनीकडे गेला. कंपनी म्हटली की मागणी आली, मुदत आली, नफ्यातोट्याचा हिशेब आला. त्यास आमचा आक्षेप नाही. सैन्याला दारूगोळा वेळेवर मिळालाच पाहिजे. परंतु मुदत आणि सुरक्षितता यांची गाठ पडते तेव्हा शेवटचा शब्द कोणाचा, हे आधीच लिहून ठेवलेले असले पाहिजे. धोका दिसताच काम थांबविण्याचा अधिकार यंत्रापाशी उभ्या असलेल्या शेवटच्या माणसालाही हवा, मग तो कायम असो, कंत्राटी असो वा शिकाऊ उमेदवार असो. थोडक्यात टळलेल्या प्रत्येक अपघाताची नोंद व्हावी आणि नोंद करणाऱ्यास शिक्षा नव्हे, शाबासकी मिळावी.

अशाने शिस्त बिघडेल, कोणीही उठून काम बंद पाडील, अशी शंका काही व्यवहारी मंडळी काढतील. त्यांस आमचे उत्तर सरळ आहे. विनाकारण थांबलेल्या कामाने एखादी पाळी वाया जाईल. ती भरून काढता येते. न थांबलेल्या कामाने गेलेली माणसे कोणत्या पाळीत भरून काढणार?

ज्याचे जळते त्यालाच कळते, अशी आपल्याकडे म्हण आहे. जवाहरनगरच्या घराघरांत ती आज शब्दशः खरी ठरली आहे. ज्यांच्या हाती तज्ज्ञांचे नेतृत्व आहे, त्यांना ते जळण्यापूर्वी कळले पाहिजे. त्यासाठी त्यांनी आपल्याभोवतीचे होयबा दूर सारून 'थांबा' म्हणणाऱ्या माणसाला जवळची खुर्ची द्यावी. गेलेल्या जिवांना त्याहून खरी श्रद्धांजली नाही.