ताशी चौदा रुपये

तीस वर्षं बँकेत कॅशवर बसले. दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब पैशापर्यंत जुळवला, पण स्वतः शिवलेल्या पहिल्या वाकळीची किंमत सांगायची वेळ आली तेव्हा जीभ अडखळली. ‘द्या हो काय द्यायचं ते, हौस म्हणून करते,’ असं म्हणून दीड हजारांना देऊन टाकली.

आम्हा साताऱ्याकडच्यांची ती वाकळ. पुण्यात गेली की गोधडी होते आणि प्रदर्शनात मांडली की ‘क्विल्ट’. नावागणिक भाव चढतो. शिवणारीची बोटं तीच.

त्या रात्री सवयीनं वही काढली. वरचं-खालचं कापड आणि दोरा मिळून चारशे रुपये. आत घातलेली आईची दोन लुगडी मी हिशेबात धरलीच नाहीत. शिवायला सव्वीस दिवस, रोज तीन तास, म्हणजे अठ्ठ्याहत्तर तास. उरलेल्या अकराशेला भागलं तर ताशी चौदा रुपये.

हे तास कसे जातात ते घेणाऱ्याला दिसत नाही. फरशीवर थर अंथरायचे, चारी कोपऱ्यांवर तांब्या, वरवंटा असं हाताला लागेल ते वजन ठेवायचं आणि तळहातानं एकेक सुरकुती मधून कडेला काढत न्यायची. एक जरी राहिली तरी ती पुढे गाठ होऊन पाठीला टोचते. मग कडेनं धावदोरा धरून चौकोनात चौकोन घालत मध्यापर्यंत यायचं. चार-पाच टाके सुईवर घेऊन एकदम ओढायचे. लुगड्याचा काठ मध्ये आला की सुई अडते, तेव्हा अंगुस्तान असूनही बोट सुजतं.

तरीही ‘मला कुठे यावर पोट भरायचंय’ म्हणत मी आणखी तीन वाकळी त्याच भावानं दिल्या. मग पलीकडच्या पेठेत शिवून देणारी एक बाई घरी आली. पोटासाठी शिवते ती. चहा संपेपर्यंत काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘ताई, नुसत्या शिलाईचे अठराशे सांगितले तर गिऱ्हाईक म्हणतंय, त्या बँकेतल्या बाई कापडासकट दीड हजारात देतात.’

पेन्शनवर जगणाऱ्या माझ्यासारखीची हौस तिच्या ताटातली भाकरी अर्धी करत होती.

म्हणून आता ताशी पन्नास लावते. एकेरी वाकळ कापडासकट ४,३००. नात्यात बाळंतीण असेल तर दुपटं फुकट देते आणि त्याचा आनंद वेगळाच असतो. पण विकायचं म्हटलं की अर्धवट दानधर्म नको. अमेरिकेतल्या अलाबामात गोधड्या शिवणाऱ्या कृष्णवर्णीय बायकांनी १९६६ साली सहकारी संस्था काढली आणि एकत्र माल विकला. सहकाराची पाटी गावोगाव लावणाऱ्या आपल्या जिल्ह्यांत एका पेठेतल्या चार बायकांना बसून दर ठरवता येऊ नये?

गिऱ्हाईक कमी झालं, हे खरं. गेल्या प्रदर्शनात सहा मांडल्या, एक गेली. एका गृहस्थांनी ‘जुन्या लुगड्यांचीच तर आहे’ म्हणून मिंकच्या ब्लँकेटचा भाव ऐकवला. मी म्हटलं, मग ते घ्या, चांगलं ऊबदार असतं. रागावून नव्हे, ज्याला ऊबच हवी त्यानं माझ्याकडे कशाला यावं?

परवा एक मुलगी आईची दोन नऊवारी घेऊन आली. ‘आतलं-बाहेरचं सगळं यातलंच, आईचा वास राहू दे,’ म्हणाली. माझे हात दिवाळीपर्यंत अडकलेले. माझा शिलाईचा दर ३,९०० सांगितला आणि त्या पेठेतल्या बाईकडे धाडलं. संध्याकाळी मुलीचा फोन आला, ‘दिली शिवायला. पण त्यांनी ४,२०० घेतले.’