आखाजी आणि दोन नोंदी

वैशाखाच्या उन्हाने तापीकाठच्या केळीची पाने कडेने करपू लागली, की खान्देशाला आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, चाहूल लागते. निंबाच्या फांदीला झोका चढतो, चुलीवर खापर तापते, पितरांच्या नावाने घागर भरली जाते आणि मुऱ्हाळी बहिणीला आणायला तिच्या सासरी निघतो. जळगाव-धुळ्यातल्या काही अंगणांत मात्र आता मुऱ्हाळ्याला पाठवायचे तरी कुठे? तिथली लेक दुबईच्या, बर्मिंगहॅमच्या, नाहीतर जर्मनीतल्या एखाद्या रुग्णालयात ड्युटीवर आहे. आई मोबाइलच्या पडद्यावर मांडे दाखवते, लेक म्हणते, आज नाईट आहे. आणि दोघींचेही बोलणे तिथेच क्षणभर अडते.

याच दिवसांत १२ मे उजाडतो. १८२० साली या तारखेला फ्लॉरेन्स नाइटिंगेल जन्मल्या, म्हणून जग हा दिवस परिचारिकांचा मानते. आखाजी आपल्याकडे माहेरपणाइतकीच हिशेबाचीही आहे. सालदाराचे जुने साल या दिवशी संपते, नव्या सालाचा शब्द दिला-घेतला जातो. सालभराची ओळख असली तरी शब्द नव्याने द्यावा लागतो, ही आपल्या मातीची जुनी समज आहे. आपल्या सिस्टरांचे जगणेही याच समजुतीवर उभे आहे.

विद्या हातात असते, ती कुठेही सोबत जाते. परवानगी मात्र वेशीवर थांबते. धुळ्याच्या परिचारिकेला नवापूर ओलांडून सुरतेच्या रुग्णालयात रुजू व्हायचे, तर तिथेही गुजरातच्या परिचर्या परिषदेत नाव नोंदवणे आले. समुद्रापलीकडे ही वाट आणखी लांबते. आखातात डेटाफ्लोमधून कागदपत्रांची पडताळणी आणि प्रोमेट्रिकसारखी परीक्षा. ब्रिटनला जायचे तर इंग्रजीची परीक्षा, इथूनच देता येणारी संगणकीय चाचणी, आणि तिथे पोहोचल्यावर परीक्षकांसमोर प्रत्यक्ष कामाची ओएससीई. अमेरिकेला एनक्लेक्सची परीक्षा. जर्मनीला बी-टू पातळीची भाषा आणि तिथल्या शासनाची मान्यता. ती मान्यता येईपर्यंत, इथे वर्षानुवर्षे वॉर्ड सांभाळलेल्या बाईला सहायक म्हणून उभे राहावे लागते. मनाला हे लागते, डोळ्यांत पाणीही येते. तरीही या परीक्षांना आपण अपमान समजू नये. अनोळखी माणूस आपला दंड पुढे करतो, तेव्हा सुई धरणाऱ्या हाताची कुणीतरी खात्री केलेली असावी, हा त्याचा हक्क आहे. आपल्या आईसाठी आपण हेच मागतो.

लेक तिचा शब्द नव्याने देते. आपल्या बाजूचे काय? २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. दार उघडले, ही आनंदाचीच गोष्ट. पण दारापर्यंतची वाट आपल्याच कागदांची आहे. गुणपत्रिका, ट्रान्सक्रिप्ट, परिषदेचा गुड स्टँडिंगचा दाखला हे सारे वेळेवर हाती पडले, तर परीक्षेची तारीख हुकत नाही. आणि शेत गहाण टाकून दलालाच्या हाती पैसे ठेवण्याआधी भरती करणारी संस्था सरकारदरबारी नोंदलेली आहे का, हे पाहणे घरातल्या शिकल्या-सवरल्यांचे काम आहे.

त्याहून खोल एक गोष्ट आहे. परदेशातली नोंदणी ही सासरची, आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेतली नोंदणी माहेरची. माहेरच्या नोंदीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. कामाच्या रगाड्यात ते राहून जाते आणि परतायची वेळ आली, की आपल्याच उंबऱ्यावर थांबावे लागते. म्हणून दूरच्या लेकींना या दिवसांत एवढेच सांगावे: बाई, तिकडची सनद मानाने मिरव, पण इकडचे नाव पुसू देऊ नकोस. आणि आपण आपल्याला सांगावे, की इथल्या वॉर्डात तिला सन्मानाचे वेतन, पुरेशा सहकारी आणि सुरक्षित रात्रपाळी मिळेल, असे माहेर आधी उभे करू या. जाणारीला ओढ राहील ती त्यानेच. आणि न गेलेली, आजही सिव्हिलच्या वॉर्डात एकटीने रात्र काढणारी, तीही आपलीच लेक आहे.

आखाजीला येणारी येवो न येवो, झोका बांधायचा आपण चुकवत नाही. पाच वर्षे भरली, आणि सातासमुद्रापलीकडून एका सिस्टरचा नूतनीकरणाचा अर्ज आला, तर समजावे, त्या झोक्यावरची तिची जागा तिने अजून सोडलेली नाही.