कानांची साक्ष

ध्वनियंत्रांची परीक्षणे हल्ली उदंड झाली आहेत. त्यांत परीक्षा मात्र क्वचितच आढळते. अमुक वर्धकाने स्वरांवरचा पडदा दूर झाला, तमुक तारेने गाण्यात प्राण आला, असे परीक्षक लिहून मोकळा होतो. हे विधान खोटे ठरविण्याचा कोणताच मार्ग तो वाचकास ठेवीत नाही. आणि म्हणूनच आम्ही ते अविश्वसनीय समजतो. घनसावंगीसारख्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्या रसिकास यंत्र घेण्यापूर्वी ऐकून पाहण्याची सोय सहसा नसते. तो परीक्षकाच्या शब्दावर गाठीचे पैसे मोजतो. त्या शब्दास काही जबाबदारी नको काय?

महाराष्ट्रात याहून चांगला पायंडा पूर्वीच पडला आहे. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँ यांच्या साहाय्याने श्रुतींचा शोध करून १९१० साली बावीस श्रुतींची मापे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. पं. भातखंडे यांस ती मान्य झाली नाहीत. पुढे १९६३ साली जयराजभॉय व स्टोन यांनी कलावंतांचे स्वर यंत्राने मोजले, तेव्हा स्वरस्थाने ठरीव मापांस बांधलेली नसतात, असे दिसून आले. देवलांचा सिद्धांत डळमळला, परंतु त्यांचा प्रामाणिकपणा उजळला. कारण त्यांनी आकडे दिले होते, म्हणूनच त्यांचे खंडन करता आले.

संगीत कानाने ऐकावयाचे, आकड्यांनी नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल. मान्य. मग कानाचीच परीक्षा घ्या. मात्र यंत्राचे नाव व किंमत झाकून, आणि दोहोंचा आवाज समान करून, कारण किंचित मोठा आवाजही अधिक गोड भासतो. २००७ साली मेयर व मोरान यांनी अशाच रीतीने उच्च प्रतीचे ध्वनिमुद्रण साध्या सीडीच्या प्रतीशी ताडून पाहिले. ५५४ प्रयोगांत २७६ उत्तरे बरोबर आली; नाणे उडवूनही एवढीच आली असती! त्यांच्या पद्धतीवर आक्षेप निघाले. २०१६ साली राइस यांनी अठरा प्रयोग एकत्र पारखले, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण शेकडा ५२.३ भरले, शिकविलेल्या श्रोत्यांचे त्याहून अधिक. म्हणजे फरक आहे, पण अल्प आहे. ज्ञान असे पुढे सरकते.

यास्तव परीक्षकांकडे आमची मागणी एवढीच: यंत्र विकत घेतले की कारखानदाराकडून उसने आणले, नाव झाकले होते काय, आवाज समान केला होता काय, आणि किती वेळांपैकी किती वेळा फरक ओळखला, हे आधी लिहा. मग उपमा हव्या तितक्या द्या. जो हे लिहीत नाही, त्याच्या लेखास वाचकांनी खुशाल जाहिरात समजावे.