थंड घर आणि टिकाऊ घर

जुना वाडा पाडून त्या जागीं नवी इमारत उभारावी, असा विचार आज कित्येक एकत्र कुटुंबांत चालला आहे. नकाशे पसरले जातात. कोणास किती खोल्या, देवघर कोणीकडे, लिफ्ट किती माणसांची, याचा खल होतो. भिंत कशाची आणि छप्पर किती तापणार, हें मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. तें विचारावें, एवढ्यासाठींच आजचें हें टिपण.

जाड भिंतीचें घर थंड, हें आमच्या आज्यांस कोणी सांगावें लागत नव्हतें. मराठवाड्यांतील माळवदाचीं घरें याचा उत्तम दाखला. दोन-अडीच फुटांच्या दगडमातीच्या भिंती, वर लांकडी तुळयांवर मातीचा जाड थर. वैशाखांतही भरदुपारीं आंत गारवा. परंतु ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशीं पहाटें चारच्या सुमारास किल्लारीची भूमि हादरली, आणि ज्या भिंतींनीं पिढ्यानुपिढ्या ऊन अडविलें त्यांनींच झोपलेल्या माणसांस गाडलें. भूकंप ६.२ तीव्रतेचा; जगांत याहून मोठे वरचेवर होतात. तरीही सुमारें दहा हजार माणसें गेलीं. भिंतीचीं आंतलें व बाहेरचें अशीं दोन्ही अंगें बांधून धरणारे आरपार दगड नव्हते, मातीच्या सांध्यांत बळ नव्हतें, आणि डोक्यावर मातीचें ओझें होतें. जेथें छपराचा भार लांकडी खांबांवर होता, तेथें भिंती ढासळूनही कांहीं घरांचे सांगाडे उभे राहिले. त्या काळीं देशाच्या भूकंप-नकाशांत हा मुलूख सर्वांत निर्धोक पट्ट्यांत दाखविलेला होता! २००२ सालीं तो नकाशा सुधारण्यांत आला.

यावरून लोकांनीं धडा घेतला तो अर्धाच. दगडमाती गेली, सिमेंटचा स्लॅब आला. नीट बांधलेला स्लॅब धक्क्यांत तगतो. पण त्याखालीं मे महिन्यांतील रात्र कशी जाते, हें वरच्या मजल्यावर निजणाऱ्या वृद्धांस विचारावें. पंखा तापलेलीच हवा फिरवितो, आणि वीज गेली म्हणजे तोही आधार जातो. वीज नेमकी संकटांतच जाते. जून २०२० च्या 'निसर्ग' वादळानंतर रायगड-रत्नागिरीकडील कित्येक गांवें आठवडेच्या आठवडे अंधारांत होतीं. शिवाय उष्मा हीही आपत्तीच होय: मे २०१० मध्यें एकट्या अहमदाबादेंत नेहमीहून सुमारें १,३०० मृत्यु अधिक झाले.

केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोनें डिसेंबर २०१८ मध्यें 'इको-निवास संहिता' काढली. ती ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवरील निवासी इमारतींसाठीं आहे. राज्यांनीं व नगरपालिकांनीं आपल्या नियमांत घेतली म्हणजेच तिला खरें बळ येतें. गाभा सोपा आहे. थंड प्रदेश वगळतां, भिंती-खिडक्यांवाटे आंत येणारी उष्णता दर चौरस मीटरास सरासरी १५ वॅटांहून अधिक नसावी; छपरास वेगळी मर्यादा; आणि उघडतां येणाऱ्या खिडक्या पुरेशा हव्यात. उष्ण-दमट हवेंत त्या खोल्यांच्या क्षेत्रफळाच्या निदान सहाव्या हिश्शाइतक्या असाव्यात. आमच्या मतें हें शेवटचें कलम सर्वांत शहाणपणाचें. न उघडणाऱ्या कांचेची हौस ज्यांस आहे त्यांस तें रुचणार नाहीं. त्यास आमचा इलाज नाहीं.

भूकंपाचा मार इमारतीस तिच्या वजनाच्या प्रमाणांत बसतो. म्हणून ऊन अडविण्यासाठीं भिंत जड करण्याचें कारण नाहीं. बाजारांत एएसीचे ठोकळे मिळतात. त्यांत हवेचीं सूक्ष्म छिद्रें असल्यानें ते उष्णता कमी वाहतात, आणि विटांहून बरेच हलकेही असतात. एकाच वस्तूनें दोन कामें साधतात. गच्चीवरही मातीचें ओझें नको. हलका उष्णतारोधक थर व वर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी पुरे. मात्र सांगाडा भूकंपाच्या मानकांप्रमाणेंच हवा. त्याविषयीं ही संहिता कांहीं सांगत नाहीं.

तेव्हां करारावर सही होण्यापूर्वीं घरच्या वडीलधाऱ्यांनीं दोन हिशेब मागावे: वास्तुविशारदाकडून उष्णतेचा आणि रचनेच्या इंजिनिअराकडून भूकंपाचा. तळमजला मोटारींसाठीं नुसत्या खांबांवर मोकळा सोडणार असतील, तर त्या खांबांविषयीं अधिक बारकाईनें विचारावें. २६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपांत, दूर अहमदाबादेंत ज्या इमारती कोसळल्या त्यांत अशा पुष्कळ होत्या.